घाटावर बरा, घरी आला की खोकला

पत्र थोडक्यात असं: सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा. पाचव्या वर्षापासून रात्रीचा खोकला आणि छातीत घरघर. गेल्या दोन पावसाळ्यांत काही वेळा मध्यरात्री दवाखाना गाठावा लागला. डॉक्टरांनी ॲलर्जीचा दमा सांगून दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक धाप लागली तर घ्यायचा. मुलगा बरा असला की रोजचा पंप बंद होतो, कारण सासूबाई म्हणतात, "झिलाक पंपाची सवय लागतली." रक्ताच्या तपासणीत बऱ्याच गोष्टी 'पॉझिटिव्ह' आल्यापासून दही, केळं आणि कोलंबी बंद आहे. एप्रिलपर्यंत पंप बऱ्यापैकी चालू होता. मे महिन्यात मुलगा मामाकडे सांगोल्याला गेला, पंप घरीच राहिला, तरी तो महिनाभर ठणठणीत होता. गच्चीवर मामेभावंडांबरोबर झोपायचा, दिवसभर उंडारायचा. जूनमध्ये घरी आला आणि तीन आठवड्यांत पुन्हा खोकला, पुन्हा वाफ. मामा म्हणतो, त्याला इथेच शाळेत घालू. वडिलांची आंब्याची बाग आहे, त्यामुळे सगळ्यांनी गाव सोडणं शक्य नाही. आई विचारते: "समुद्राची हवा त्याला मानवत नाही, हे आता सिद्धच झालं ना? मग काळजावर दगड ठेवून त्याला मामाकडे ठेवू का? आणि तिकडे पंपाशिवाय बरा राहतो, तर पंपाची खरंच गरज आहे का?"

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मामाकडे मुलगा गच्चीवर झोपायचा. घरी तो माजघरात आजीजवळ झोपतो, सावरीच्या कापसाची उशी आणि तुमच्या लग्नाच्याही आधीची गादी. तुम्ही दोन गावांची हवा ताडून पाहिलीत. आधी ही दोन अंथरुणं ताडून पाहू.

घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणाऱ्या किडी असतात. जेमतेम पाव मिलिमीटरच्या. धुळीमुळे दमा होतो हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होतं, पण धुळीतलं नेमकं काय बाधतं ते कळत नव्हतं. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी या किडींवर बोट ठेवलं. त्या चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. आपल्या अंगावरून रोज गळणारा कातडीचा भुसा हे त्यांचं अन्न, म्हणून गादी, उशी, गोधडी ही त्यांची आवडती वस्ती. पाणी त्या पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात. हवेतली आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की त्या सुकून मरतात. आता आपल्याकडचा आषाढ-श्रावण आठवा. मीठ बरणीत पाणी धरतं, काडेपेटीची काडी ओढली तर पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते. अशा दिवसांत या किडींची चंगळ असते.

म्हणून हवेचा दोष नाही असं मी म्हणत नाही. दोष आहे, पण आडून. समुद्रावरून येणारा वारा तुमच्या मुलाला बाधत नाही. त्या वाऱ्यातला ओलावा गादीत जे पोसतो ते बाधतं. हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण निर्णय त्याच्यावरच अवलंबून आहे. हवा बदलायची तर गाव सोडावं लागतं. गादी बदलायला गाव सोडावं लागत नाही.

आता छातीत काय होतं ते. किडींच्या विष्ठेच्या बारीक कणांत काही प्रथिनं असतात. ॲलर्जी असलेल्या मुलाचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ते कण पुन्हा श्वासावाटे आत गेले की श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी दहा-वीस मिनिटांत हिस्टामिन आणि तशीच इतर रसायनं सोडतात. नळ्या आवळतात, मूल खोकतं, आणि तासा-दोन तासांत बरंही वाटतं. आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण पुष्कळ मुलांत खेळ तिथे संपत नाही. चार ते बारा तासांनी दुसरी लाट येते. या वेळी रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी श्वासनलिकेत येऊन ठाण मांडतात, अस्तर सुजतं, चिकट कफ तयार होतो. ही सूज पहिल्या लाटेसारखी तासाभरात ओसरत नाही. नळ्या नंतर कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, हुळहुळ्या राहतात.

म्हणजे दुपारी माळ्यावर लपाछपी खेळलेला मुलगा रात्री दोन वाजता खोकत उठतो, आणि बोल लागतो रात्रीच्या जेवणातल्या दह्याला. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दह्याइतका नाहक बदनाम झालेला दुसरा पदार्थ नाही.

माळ्यावरची धूळ निदान एकदाची असते. गादीची गोष्ट वेगळी. तिथून रोज रात्री आठ-नऊ तास थोडं थोडं आत जातं. एका वेळी इतकं कमी, की धाप लागत नाही, घरघरही ऐकू येत नाही. मूल वरकरणी बरं दिसतं, शाळेत जातं, क्रिकेट खेळतं. आत सूज मात्र धुमसत असते. मग एखादी साधी सर्दी, होळीचा धूर, कधी पोट धरून हसणंसुद्धा निमित्त होतं आणि छाती भरते. आपल्याला आठवतं ते शेवटचं निमित्त. सर्दी आणि ॲलर्जी एकत्र आल्या की काय होतं, हे इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी मुलांमध्ये तपासलं आहे. ज्याची ॲलर्जी आहे तेच घरात भरपूर आणि वर विषाणूची सर्दी, असं जुळून आलं की इस्पितळात दाखल व्हायची शक्यता खूपच वाढते. जूनमध्ये आपल्याकडे शाळा उघडते, वर्गात सर्दीची साथ फिरते आणि त्याच सुमारास गाद्या ओल धरू लागतात. तुमचा मुलगा नेमक्या त्या तीन आठवड्यांत आजारी पडला, यात नवल नाही.

मामाकडे काय घडलं, तेही मुलांमध्ये मोजून पाहिलेलं आहे. इटलीत डोलोमाइट पर्वतात मिसुरिना नावाचं ठिकाण आहे, उंची १,७५६ मीटर. हवा इतकी कोरडी की धुळीतल्या किडी तिथे जवळपास जगतच नाहीत. दम्याच्या मुलांसाठी तिथे निवासी केंद्र होतं, मुलं काही महिने राहायची, तिथेच शिकायची. संशोधकांनी त्यांच्या कफातल्या इओसिनोफिल पेशी आणि श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजला. श्वासनलिका सुजली की हा वायू वाढतो. वर राहिल्यावर दोन्ही उतरले. मुलं सखल भागातल्या आपापल्या घरी परतून पुन्हा त्याच किडींच्या सहवासात आली, की सुजेच्या खुणा पुन्हा वाढू लागल्या. सांगोला काही पर्वतात नाही, पण मे महिन्यातली तिथली कोरडी धग किडींना मानवणारी नव्हे, आणि गच्चीवरच्या सतरंजीत त्यांना लपायला जागाही नसते.

म्हणजे तुमचा संशय खोटा नव्हता. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. एक तर तुम्ही सांगोला पाहिलं ते मे महिन्यातलं. मे मध्ये शाळा बंद असते, सर्दीच्या साथी कमी असतात, दम्याची बरीच मुलं आपल्या कोकणातसुद्धा मे मध्ये बरी असतात. तोच मुलगा पौष महिन्यात मामाच्या घरात बंद खोलीत, जुन्या रजया घेऊन झोपला तर कसा राहील, हे आपण पाहिलेलं नाही. त्या भागात ऊस आहे, हिवाळ्यात पाचट जाळतात. रस्त्याकडेला गाजरगवत आहे, त्याच्या परागांचीही ॲलर्जी होते. एका गोष्टीची ॲलर्जी असलेल्या मुलाला नव्या जागी दुसरीची होऊ शकते. दुसरं म्हणजे, एप्रिलपर्यंत तो रोजचा पंप घेत होता. त्या औषधाने उतरलेली सूज पंप थांबला की दुसऱ्या दिवशी परत येत नाही, तिला काही आठवडे लागतात. मामाकडचे ते दिवस काही अंशी तुमच्या पंपाने कमावलेले होते. श्रेय सगळं सांगोल्याला गेलं.

मग मामाकडे ठेवायचा का? माझं मत विचाराल तर, या वर्षी नको. नऊ वर्षांच्या मुलाला आपण 'तुझ्या तब्येतीसाठी' म्हणून सांगू, पण त्याच्या मनात उरेल ते असं की मी आजारी आहे म्हणून मला घरातून पाठवलं. तेवढी किंमत मोजावी लागेल अशी वेळ आलेली मला दिसत नाही, कारण दोन गोष्टी अजून धड झालेल्याच नाहीत. औषध वर्षभर सलग चाललेलं नाही आणि अंथरूण बदललेलं नाही. हे दोन्ही करून एक अख्खा पावसाळा आणि त्याच्या मागची दिवाळी जाऊ द्या. त्यानंतरही मुलाला वरचेवर दवाखाना दिसला, तर छातीच्या किंवा ॲलर्जीच्या तज्ज्ञांशी बोलून स्थलांतराचा विचार जरूर करा. तेव्हा तो निर्णय हरल्यासारखा वाटून घेऊ नका. काही मुलांना जागा बदलणं खरंच मानवतं. फक्त पहिला उपाय म्हणून ते नको.

पंपाची गरज आहे का, या प्रश्नाचं उत्तर वर आलंच आहे, पण सासूबाईंच्या शंकेला मान द्यायला हवा. ती शंका घराघरांत आहे. धाप लागल्यावर घ्यायचा पंप आवळलेल्या नळ्या सैल करतो, लगेच बरं वाटतं. सुजेला मात्र तो हात लावत नाही. रोजचा पंप सूज उतरवतो, त्यामुळे घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही आणि बंद केल्यावरही लगेच काही बिघडत नाही. म्हणूनच तो सगळ्यात आधी बंद होतो. सवय लागते ही भीती निराधार आहे, व्यसन लागावं असं त्यात काही नाही. बंद केल्यावर खोकला परततो तो औषधाच्या ओढीने परतत नाही. सूज गेलेलीच नसते.

त्यात स्टिरॉइड असतं, हे खरं. पण मायक्रोग्रॅममध्ये, आणि बहुतेक श्वासनलिकेपुरतं. रात्री-अपरात्री दवाखान्यात जी गोळी किंवा इंजेक्शन मिळतं त्यातलं स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये असतं आणि सगळ्या अंगभर फिरतं. पंप टाळून आपण स्टिरॉइड टाळत नाही, मोठ्या मात्रेत घ्यायची पाळी आणतो. उंचीची काळजी असेल तर तीही लपवून ठेवत नाही. अमेरिकेत काही वर्षं रोज असा पंप घेतलेल्या मुलांना मोठेपणापर्यंत पाहिलं, २०१२ मध्ये निष्कर्ष आले. पंप न घेतलेल्यांपेक्षा त्यांची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. ही किंमत आहे, तिला शून्य म्हणणार नाही. पण दर पावसाळ्यात गुदमरणाऱ्या मुलाची झोप, शाळा आणि भूक यांच्यासमोर ती मला लहान वाटते. मात्रा चालेल तेवढी कमी ठेवणं हे डॉक्टरांचं काम, ते त्यांना प्रत्येक भेटीत विचारा.

आणि एकदा मुलगा पंप घेतो कसा, ते समोर बसून पाहा. पुष्कळ मुलं पंप थेट ओठांत धरतात, मान खाली, दाबतात, आणि फवारा जिभेवर बसतो. नाकाशी बारीक वाफ दिसते, तोंड कडवट होतं, आईला वाटतं औषध गेलं. छातीत त्यातलं फारच थोडं पोचलेलं असतं. या वयाला स्पेसर हवाच. ती प्लॅस्टिकची नळी. पंप चांगला हलवायचा, स्पेसरला लावायचा, स्पेसर तोंडात घट्ट धरायचा, पंप एकदाच दाबायचा, मग पाच-सहा संथ श्वास. दुसरा फवारा असेल तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा चट्टा येऊ शकतो. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवून तसाच निथळत ठेवावा. आतून फडक्याने पुसू नये, पुसल्याने औषध नळीच्या भिंतीला चिकटतं. दात घासायच्या ब्रशशेजारी पंप ठेवा, विसर पडत नाही.

आता अंथरूण. एवढ्या बाबतीत मी हट्टी आहे.

ती जुनी गादी आणि सावरीची उशी मुलाच्या अंगाखालून काढा. टाकायचा जीव होत नसेल तर दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कोणासाठी. मुलाला लाकडी खाट, त्यावर चटई आणि धुता येणारी जाड चादर दिली तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उत्तम. गादी हवीच असेल तर नवी घ्या आणि तिला चारी बाजूंनी बंद होणारी चेनची खोळ घाला. किडी रोखणाऱ्या घट्ट विणीच्या खोळी मिळतात, महाग वाटल्या तर रेक्झिनची शिवून घ्या, वर सुती चादर. खाट ओलीच्या भिंतीपासून हातभर लांब. इंग्लंडमध्ये दम्याच्या झटक्यासाठी इस्पितळात येऊन गेलेल्या २८४ मुलांवर अशा खोळींचा प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साध्या खोळी मिळालेल्यांपैकी जवळजवळ ४२ टक्के मुलांना वर्षभरात पुन्हा तातडीने इस्पितळ गाठावं लागलं, किडी रोखणाऱ्या खोळीवाल्यांपैकी २९ टक्क्यांना. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचे कोर्स मात्र त्या खोळींनी कमी झाले नाहीत. तेव्हा खोळ आली म्हणून पंप गेला, असा हिशेब करू नका.

चादर, अभ्रा, गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात. ५५ ते ६० अंश तापमानाला किडी मरतात, म्हणजे हात घालवणार नाही इतकं कढत. बंब असेल तर पाण्याचा प्रश्न नाही. नुसत्या गार पाण्याने किडी मरत नाहीत, पण त्यांची घाण बरीचशी धुवून जाते, म्हणून काहीच न करण्यापेक्षा तेही बरं. खरी पंचाईत पावसात वाळवायची. आपण चुलीच्या वर दोरी बांधून कपडे वाळवतो. मुलाचे तेवढे नकोत, तो धूर रात्रभर त्याच्या नाकाशी राहतो. दोन जोड ठेवा, पंख्याखाली वाळवा आणि वापरण्याआधी कडक इस्त्री फिरवा. जुन्या साड्यांच्या सात-आठ पदरी गोधड्या ऊबदार असतात हे खरं, पण आतपर्यंत वाळत नाहीत. पावसाळ्यापुरती दोन पदरी पातळ गोधडी शिवून घ्या.

सासूबाई वैशाखात, आगोटीच्या म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या आधी, सगळी अंथरुणं अंगणात तापायला टाकत असतील. तो रिवाज शंभर नंबरी आहे. कडक उन्हात किडी सुकतात. फक्त मेलेल्या किडींचे अवशेषही तितकेच बाधतात, त्यामुळे उन्हानंतर अंथरूण बडवायला हवं, धुण्यासारखं असेल तर धुवायला हवं, आणि ते चालू असताना मुलगा शेजारी खेळायला गेलेला असावा. हे त्यांना सांगताना 'तुमच्या गादीमुळे' असं तोंडातून जाऊ देऊ नका. नातू जवळ झोपतो हे त्यांचं सुख आहे. आजीची खाट तिथेच, मुलाची वेगळी खाट शेजारी, एवढ्याने ते सुख जात नाही. आणि जमलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे त्यांनाच बरोबर न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत आपल्याकडे किती अंतर असतं, ते तुम्हाला मी काय सांगावं.

गणपतीच्या आधीची साफसफाई हा आपल्याकडचा मोठा घातवार. वर्षभर बंद असलेला माळा उघडतो, मखराचं सामान निघतं, मुंबईहून येणाऱ्यांसाठी ठेवणीतल्या गाद्या-चादरी बाहेर पडतात, आणि पोरं उत्साहाने त्यातच नाचत असतात. त्यात पावसाळाभर वाढलेल्या किडींची संख्या याच सुमारास चढलेली असते. तो दिवस मुलाने मावशीकडे काढावा. केरसुणीऐवजी ओलं फडकं वापरा. पाहुण्यांसाठी काढलेल्या गादीवर त्याला झोपवू नका, चुलत भावंडं कितीही ओढत असली तरी. आरती, भजन, फुगड्या, सगळं करू द्या. धूप आणि कापराच्या अगदी जवळ बसवू नका, एवढंच.

भिंतीवरच्या ओलीचे काळे डाग हे बुरशीचं काम, तीही दम्याला वाईट. रंग मारून ती झाकली जाते, मरत नाही. फुटलेलं कौल आणि गळती जागा आधी दुरुस्त, मग भिंत घासून वाळवून रंग. ओलावा ओढणाऱ्या यंत्राबद्दल तुम्ही विचारलं आहे. बंद सिमेंटच्या खोलीत त्याचा थोडा उपयोग होईल. कौलारू घरात, जिथे कौलांच्या फटींतून वारा आत-बाहेर खेळतो, तिथे ते म्हणजे लोट्याने समुद्र उपसणं. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचाही या किडींवर फारसा इलाज नाही, कारण त्यांचे कण जड असतात, हवेत तरंगत न राहता लगेच खाली बसतात. ते पैसे खोळीत घाला.

धूर ही ॲलर्जी नव्हे, पण सुजलेल्या नळ्यांना तो ओरबाडतो. रात्रभर जळणाऱ्या डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. मच्छरदाणी लावा, तीही चादरीबरोबर धुवा. चूल पेटलेली असताना मुलगा स्वयंपाकघरात अभ्यासाला नको.

मोहोराबद्दल मिस्टरांचा समज आहे की पौषात बाग फुलली की मुलाला त्रास होतो. आंब्याचे पराग चिकट असतात, ते मुख्यतः माश्या आणि इतर कीटक वाहतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. मोहोरावर त्या दिवसांत ज्या फवारण्या होतात त्यांचा दर्प मला जास्त संशयास्पद वाटतो. फवारणीच्या दिवशी मुलगा बागेत नको, आणि मिस्टरांनी ते कपडे बाहेरच उतरवून अंघोळ करून घरात यावं.

आता तुमचा तो रक्ताचा रिपोर्ट. अशा लांबलचक यादीत 'पॉझिटिव्ह' म्हणजे शरीराने त्या गोष्टीची नोंद घेतली आहे, इतकंच. ती गोष्ट बाधतेच असं नाही. कोलंबीचं प्रकरण तर मजेशीर आहे. कोलंबीच्या स्नायूंत एक प्रथिन असतं, तसंच जवळजवळ धुळीतल्या किडींत आणि झुरळांतही असतं. किडींची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या तपासणीत कोलंबीही उमटते ती बऱ्याचदा यामुळे. तुम्ही लिहिलंय की तो आधी कोलंबीची आमटी ओरपून खायचा आणि कधी अंगावर पित्त उठलं नाही, ओठ सुजले नाहीत, उलटी नाही. मग ती नुसत्या कागदावरून बंद करण्यात अर्थ दिसत नाही. दही-केळ्याचंही तेच. मात्र मधे बराच काळ बंद होती म्हणून कोलंबी पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. ज्या मुलांना खाल्ल्यावर खरोखर त्रास झाला आहे त्यांनी हा परिच्छेद वाचून घरी प्रयोग करू नयेत. 'एकूण आयजीई' हा आकडा पोटात जंत असले तरी वाढतो, त्याचा धसका घेऊ नका. धुळीतल्या किडी, झुरळ, मांजर, बुरशी यांची त्वचेवरची सुईची चाचणी तज्ज्ञाकडे करून घेतली तर जास्त नेमकं कळेल. मांजर घराबाहेर काढायचं की नाही, तेही त्यानंतर ठरवा. आधी नको, बिचारं उगाच परागंदा व्हायचं.

ॲलर्जी मुळातून कमी करण्यासाठी लसीसारखी इंजेक्शनं किंवा जिभेखाली घ्यायचे थेंब असतात. काही मुलांना उपयोग होतो, पण साधारण तीन वर्षं चिकाटी लागते, दमा आटोक्यात नसताना ते सुरू करायचे नसतात, आणि इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं लागतं. घरपोच 'ॲलर्जी मुळासकट' म्हणून जे काही मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

झटक्याच्या वेळी काय करायचं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. त्या कागदाचा एक फोटो वर्गशिक्षकांना, एक मामाला. मुलगा एका दमात वाक्य पुरं करू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तातडीचा पंप घेऊनही आराम नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. पंप स्पेसरमधून देत देत निघायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन. घरघर एकाएकी थांबली आणि मुलगा मलूल पडला, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. हवा जाणंच कमी झालेलं असू शकतं.

येत्या मे मध्ये त्याला मामाकडे जरूर पाठवा, पंप आणि स्पेसर पिशवीत घालून. गच्चीवर झोपू द्या. तिथून तो बरा होऊन आला आणि त्याआधीचे दोन-तीन महिनेही बिनखोकल्याचे गेले असतील, तर औषधाची मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. फक्त ती कमी करायची वेळ आगोटीच्या तोंडावर धरू नका. शाळा, सर्दी आणि ओल हे तिघं एकदम येतात तेव्हा पंप चालूच हवा. कमी करण्याचा प्रयोग पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करू द्या, आणि तोही डॉक्टर सांगतील तसा, एकेक पायरी खाली.